जळण्याआधीचे बंदर

'डायोरामा' या शब्दाला मराठी प्रतिशब्द घडवण्याची गरज नाही; तो आपल्याकडे आहेच. गणेशोत्सवात मंडपात मांडला जातो तो देखावा. १८२२ साली पॅरिसमध्ये दागेर आणि बूताँ या दोघांनी प्रचंड पडद्यांवरील चित्रे पुढून-मागून येणाऱ्या उजेडाने पालटून दाखवण्याचे एक गृह उघडले आणि त्याला डायोरामा हे नाव दिले; पुढे ते नाव काचेच्या पेटीतल्या छोट्या सृष्टीला चिकटले. आपल्याकडे अशी सृष्टी दर दिवाळीला अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहते. दगडमातीचा डोंगर, गोणपाटावर चिखल थापून केलेला तट, अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली हिरवळ आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज. पायथ्याशी मावळ्याच्या उंचीचा वाघ असतो आणि वाघाहून मोठी गवळण असते. मापाचा विचार त्यात नसतो आणि नसावाच. ज्याचे महत्त्व मोठे त्याची मूर्ती मोठी, एवढेच त्या सृष्टीचे प्रमाण.

या परंपरेविषयी आम्हाला ममत्व आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्याविषयी थोडे कडू लिहायचे आहे. आमच्या महाविद्यालयात मराठी आणि इतिहास या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून मराठी आरमाराचा एक प्रमाणबद्ध देखावा करायचे ठरवले. स्थळ विजयदुर्ग, याविषयी वाद नव्हता. २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी वास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्या बारा किल्ल्यांत विजयदुर्ग आहे. शिवाय आंग्र्यांचे आरमार म्हटले की तेच बंदर डोळ्यांपुढे येते. वाद झाला तो काळाविषयी. बंदर कोणत्या दिवशीचे? विद्यार्थ्यांचे उत्तर तयार होते: कान्होजींच्या काळातले, शिडे फुगलेली, भगवे फडकत आहेत, एखादे इंग्रजी जहाज शरण येत आहे. आम्ही दोघांनी सुचवले की बंदर १२ फेब्रुवारी १७५६ या दिवशीचे असावे. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या दिवशी काय झालं?"

मराठीच्या पदव्युत्तर वर्गातला हा प्रश्न आहे, आणि त्यात त्या मुलीचा काडीइतकाही दोष नाही, असे आमचे म्हणणे आहे. या लेखाचे कारणही तेच.

त्या दिवशी काय झाले ते थोडक्यात सांगतो. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. पुढे घराण्यात फूट पडून कुलाबा मानाजीकडे आणि विजयदुर्ग संभाजीकडे व त्याच्यामागून तुळाजीकडे आला. तुळाजी समुद्रावर अजिंक्य होता आणि जमिनीवर कोणालाही जुमानत नव्हता. पेशव्यांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होता. नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन शाही आरमार आणि कंपनीची जहाजे घेऊन विजयदुर्गापुढे आला. सोबत सैन्य घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह होता. जमिनीच्या बाजूने रामाजी महादेव यांच्या हाताखाली पेशव्यांची फौज आधीच वेढा घालून बसली होती. बाराव्या तारखेला दुपारी इंग्रजी जहाजे दोन रांगांनी वाघोटणच्या खाडीत शिरली: मोठी तटासमोर, लहान आंग्र्यांच्या आरमारासमोर. एक कुलपी गोळा 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजीने इंग्रजांकडूनच पकडलेले. त्याने पेट घेतला. एकमेकांना लागून नांगरलेल्या गुराबा आणि गलबते एकामागून एक पेटली आणि संध्याकाळपर्यंत मराठी समुद्रावरचे सर्वांत बलाढ्य आरमार पाण्याच्या रेषेपर्यंत जळून गेले. रात्री क्लाइव्ह आपले लोक घेऊन उतरला, तो किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मधोमध. दोस्तांनी आधी आत शिरू नये, हा हेतू. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्ला पेशव्यांच्या हाती यायला ऑक्टोबरातला वेगळा तह व्हावा लागला आणि त्यात बाणकोट इंग्रजांकडे राहिले. तुळाजी उरलेले आयुष्य कैदेत होता. वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षी बंगालकडे निघाले आणि विजयदुर्गावर धडाडलेल्या त्याच जहाजांच्या तोफा पुढच्या वर्षी चंद्रनगरावर चालल्या. प्लासीची लढाई जून १७५७ मधली.

आता मराठी भाषेकडे पाहू. या दिवसानंतर पाच वर्षांना एक महिना कमी असताना, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. पानिपताने मराठीला काय दिले नाही? बखर दिली, पोवाडे दिले, वाक्प्रचार दिला. परीक्षेत नापास झालेला मुलगा 'यंदा पानिपत झालं' असे म्हणतो आणि संक्रांत 'कोसळते'. विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ साली आली आणि हजारो घरांत पोचली. पराभवाचे दुःख पचवून ते बोलते करण्याची शक्ती आपल्या भाषेत आहे, याचा याहून मोठा पुरावा नको. मग विजयदुर्गाच्या आगीने मराठीला एकही म्हण का दिली नाही? कुणी 'आमचं विजयदुर्ग झालं' असे का म्हणत नाही?

उलट विलायतेत पाहावे. लंडनजवळ शूटर्स हिलवर तीन कोनांचा एक विटांचा बुरूज आहे. जेम्सच्या मागे त्याच्या पत्नीने १७८४ साली तो बांधवला. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. वेस्टमिन्स्टर ॲबीत वॉटसनचे स्मारक आहे, त्यावर 'घेरिया' हे नाव तारखेसह कोरलेले आहे; घेरिया म्हणजे विजयदुर्ग. डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने १७७१ साली रंगवलेले घेरियाच्या पाडावाचे चित्र ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. जिंकणाऱ्याने दगड, विटा आणि तैलरंग या तिन्हींत ती तारीख लिहून ठेवली. आपल्याकडे कान्होजींचे सर्वांत वाचले गेलेले चरित्रसुद्धा मनोहर माळगावकरांनी १९५९ साली इंग्रजीत लिहिले आणि पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणले, तेव्हा घरोघर गेले.

आमचे मत असे की पानिपतावर शत्रू परका होता आणि आपण एक होतो, निदान तशी कथा सांगता आली. विजयदुर्गावर तसे सांगता येत नाही. तिथे जमिनीच्या बाजूला आपलेच तंबू आहेत. भाषेला पराभव पेलतो. आपल्याच हाताने झालेला पराभव पेलायला तिला जो अंगविक्षेप करावा लागतो तो तिने टाळला. नानासाहेबांना खलनायक करून किंवा तुळाजीला बंडखोर ठरवून आपण दोन बाजूंनी या दिवसाला वळसा घालत आलो आहोत. दोन्ही म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच दोन्ही सोयीची आहेत.

एवढे सगळे विद्यार्थ्यांना सांगून झाल्यावर त्यांनी तारीख मान्य केली. आमचे एक ज्येष्ठ सहकारी मात्र शेवटपर्यंत विरोधात होते. "पोरांनी पराभव का बांधायचा?" हा त्यांचा प्रश्न. देखावा ही उत्सवाची कला आहे, तिचे व्याकरण आनंदाचे आहे, शोकांतिका लिहायची तर कादंबरी लिहा, असे ते म्हणाले. हा आक्षेप हलका नाही. कलाप्रकाराला स्वतःचा स्वभाव असतो हे आम्हीच वर्गात शिकवतो. पण स्वभाव म्हणजे कुंपण नव्हे. पोवाडाही एकेकाळी स्तुतीचाच होता. पानिपताने त्याला रडायला लावले.

मग प्रत्यक्ष काम सुरू झाले, आणि साहित्याच्या अध्यापकांना इतके दिवस पुस्तकात जे कळले नव्हते ते लाकूड आणि फेविकॉल यांनी शिकवायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. आठ बाय चार फुटांची प्लायवूडची फळी घेतली आणि १ : २०० हे प्रमाण ठरवले. म्हणजे फळीवर सुमारे ४९० मीटर लांब आणि २४५ मीटर रुंद एवढाच भूभाग मावणार. सत्तर तोफांचे 'केंट' हे वॉटसनचे निशाणाचे जहाज त्यात वीतभर भरते, आणि माणूस साडेआठ मिलिमीटरचा, बासमतीच्या दाण्याहून किंचित मोठा. याहून प्रमाण लहान केले तर डोलकाठ्या सुईसारख्या होतात आणि दोर दिसेनासे होतात; मोठे केले तर किल्लाच फळीबाहेर जातो. खाडीत आत तीनेक किलोमीटरवर खडकात कोरून काढलेली आंग्र्यांची गोदी आहे, शंभर मीटरहून अधिक लांबीची. या प्रमाणात ती फळीपासून पंधरा मीटर दूर, म्हणजे आमच्या ग्रंथालयाच्या दारात पडली असती. ती सोडावी लागली.

दुसरा प्रश्न जहाजांचा. एका उत्साही विद्यार्थ्याने 'व्हिक्टरी' या प्रसिद्ध जहाजाचा प्लास्टिकचा तयार संच मागवायची सूचना केली आणि त्यालाच 'केंट' म्हणू असे म्हणाला. 'व्हिक्टरी' १७६५ साली पाण्यात उतरली, ती तीन मजली तोफांची. 'केंट' दोन मजली. सूचना बारगळली, पण तिने एक गोष्ट लख्ख दाखवली. इंग्रजी युद्धनौकांचे आराखडे कागदावर काढले जात आणि जपले जात. त्यामुळे 'केंट'च्या वर्गाच्या जहाजाची मापे फुटा-इंचांत मिळतात. आपल्याकडे जहाज मेस्त्रीच्या डोळ्यात आणि हातात असे. गुराबेचे वर्णन वाचायला मिळते ते मुख्यतः रॉबर्ट ऑर्मसारख्या कंपनीच्या इतिहासकाराकडे. त्याचे म्हणणे असे: दोन किंवा तीन डोलकाठ्या, तीन काठ्यांची गुराब तीनशे टनांच्या घरातली, लांबीच्या मानाने पुष्कळ रुंद, पाण्यात फार न बुडणारी, मधून टोकाकडे निमुळती होत जाणारी, आणि पुढे नेहमीच्या जहाजासारखा फुगीर भाग नसून चोचीसारखी लांब नाळ. नाळेवर कठडा नसे, म्हणजे अंगावर आलेली लाट अडून न राहता निघून जाई. नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत याच घाटाचे पण लहान, एक भले मोठे त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. गुराब हा शब्द अरबी, अर्थ कावळा. ती चोच पाहिल्यावर या नावाचे नवल वाटत नाही.

विद्यार्थ्यांनी 'पुष्कळ रुंद' हे शब्द वाचून पहिली गुराब घागरीसारखी केली. खाडीकाठी होड्या बांधणारे एक मेस्त्री आमच्या विनंतीवरून पाहायला आले होते. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "सर, ह्या तारू असा फुगीर केल्यात तर बसतला, पळूचा नाय." मग त्यांनी पेन्सिलीने तळाची रेघ काढून दिली: वर रुंद, खाली चपटे, मागे हलके. रुंद म्हणजे खोल नव्हे, हे ऑर्मच्या मजकुरात होतेच. जहाज पाण्यात फार बुडत नाही असे तो म्हणतो तेव्हा हेच सांगत असतो. आम्ही ते वाक्य चार वेळा वाचले होते. संहितेचे वाचन म्हणजे काय, यावर आम्ही दोघांनी वीस वर्षे जी व्याख्याने दिली त्यांत ही पेन्सिलीची रेघ नव्हती.

शब्दांचेही तेच झाले. नाळ, परबाण, शिबाड, मचवा, पडाव, तांडेल: आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना यांतला एखादाच शब्द ठाऊक होता, आम्हालाही काही शब्दांसाठी मोल्सवर्थ उघडावा लागला. ज्या दोन मुलांच्या घरी मासेमारीचा धंदा आहे ती मात्र न अडखळता बोलत होती. एरवी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी ही दोन मुले त्या तीन महिन्यांत आमच्या विभागाचे शब्दकोश झाली. पाठ्यपुस्तकी मराठीने या सगळ्यांसाठी 'जहाज' हा एकच शब्द ठेवला आहे.

लाकडासाठी आंब्याच्या जुन्या पेट्या फोडल्या. 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी लाकूड लागते हे मान्य करूनही रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू देऊ नये अशी ताकीद दिली आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे त्यामागचे कारण. आमचे आरमार आंब्याच्या पेट्यांतून निघाले, झाड एकही तोडले नाही. पंतांनी एवढी सवलत दिली असती अशी आशा आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, हा त्यांचाच सल्ला. आरमारावरचा भाग वाचून परीक्षेपुरती टीप लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना या मध्यम आकाराचा अर्थ हातात धरून कळला.

समुद्र प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, वर रोगणाचे थर. मुलांनी पाणी निळे रंगवले आणि सडा हिरवागार. फेब्रुवारीत कोकणातला सडा कसा असतो हे कोकणातल्या मुलांना विचारावे लागले! जांभ्यावर वाळलेले पिवळे गवत, आणि खाडीचे पाणी गढूळ हिरवट. दिवाळीच्या किल्ल्यावरचे अळीव त्यांच्या डोळ्यांत इतके मुरले होते की खिडकीबाहेरचा डोंगर दिसत नव्हता. हा दोष त्यांचाच नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांतला सह्याद्रीही बारा महिने हिरवाच असतो.

यानंतरचा वाद सर्वांत मोलाचा होता. आग कशी दाखवायची? मंडपातल्या हलत्या देखाव्यांची तालीम घेतलेली मुले म्हणाली, कापूस पिंजून त्यात नारिंगी एलईडी लावू, एकामागून एक पेटणारे. शेजारी तोफांचा आवाज. तंत्र त्यांना येत होते. आम्ही नकार दिला. लुकलुकणारी आग बघायला गर्दी झाली असती आणि ती गर्दी आनंदाने बघत उभी राहिली असती. सेरेसनेही पंधरा वर्षांनी चित्र काढले ते जिंकणाऱ्या देशात, जिंकणाऱ्यांसाठी. आपण तेच जळणे दिव्यांच्या माळा लावून दाखवावे, यात आम्हाला काहीतरी ओंगळ वाटले. लेसिंगने 'लाओकून'मध्ये चित्रकार-शिल्पकारांना सांगितले आहे की परमोच्च क्षण निवडू नका, त्याच्या अलीकडचा निवडा. पाहणाऱ्याच्या कल्पनेला पुढे जायला जागा राहू द्या. ते पुस्तक १७६६ चे, विजयदुर्ग जळल्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती. आम्ही १२ तारखेची दुपार निवडली. गुराबा तटाखाली दाटीने नांगरलेल्या, शिडे उतरवलेली, वल्ही आत घेतलेली. खाडीच्या तोंडातून 'केंट' आत येत आहे आणि तिच्या आडोशाला उखळी तोफांचे एक जहाज. अजून गोळा उडालेला नाही. 'रेस्टोरेशन' बाकीच्यांच्या मध्ये आहे आणि घाटाने इंग्रजी असल्यामुळे वेगळे दिसते. कुणाला सांगावे लागत नाही, पण ज्याला ठाऊक आहे तो त्या जहाजाकडे पाहतो आणि मग त्याला चिकटून असलेल्या बाकीच्यांकडे.

हे सगळे झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "तुळाजी कुठे ठेवायचा?"

तुळाजी बंदरात नव्हता. तो आधीच पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. किल्ला मेहुण्याच्या हाती होता आणि घरची माणसे आत होती. म्हणजे या देखाव्याचा नायक ज्या तंबूत आहे तो तंबू आमच्या चौकटीच्या बाहेर. छावणी तटाच्या कितीही जवळ धरली तरी १ : २०० मध्ये ती फळीवर येईना. इथे आम्ही दोघे बराच काळ थांबलो. प्रमाण पाळले तर तंबू वगळावे लागतात. तंबू वगळले तर उरते काय? एका बाजूला मराठी किल्ला, दुसऱ्या बाजूला इंग्रजी जहाजे. स्वच्छ, सोपी, परकीय आक्रमणाची गोष्ट. कुणी खोटे बोललेले नसते. फुटपट्टीच खोटे बोललेली असते. दीडशे वर्षे आपल्या भाषेने जे केले तेच आम्ही लाकडात करायला निघालो होतो, तेही काटेकोर प्रामाणिकपणाने.

नौकाप्रतिकृतीच्या छंदातले जाणकार प्रमाणाला धर्म मानतात आणि त्यांचा तो आग्रह आम्हाला समजतो. दोराची जाडी चुकली तर सगळे जहाज खेळणे वाटते हे आम्ही अनुभवले आहे. पण जहाजाशी प्रामाणिक राहणे आणि घटनेशी प्रामाणिक राहणे या दोन गोष्टी आहेत. कादंबरीकार दहा वर्षे एका वाक्यात ओलांडतो, तेव्हा आपण त्याला काळाशी बेइमान म्हणत नाही. त्याने ओलांडले हे वाचकाला कळले पाहिजे, एवढीच अट. आम्ही जमिनीच्या बाजूला दीड फुटांची दुसरी फळी जोडली. दोन्ही फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली आणि ती न रंगवता तशीच राहू दिली. कडेला लिहिले, 'येथे अंतर आखडले आहे.' पलीकडे अकरा तंबू, काही घोडे, आणि मधल्या तंबूबाहेर एक पालखी. माणसे तांदळाएवढी असल्याने चेहरे नाहीत, हे बरेच झाले.

जिथे केवळ तर्काने केले तिथे लाकूड उघडे ठेवायचे, हाही नियम केला. पाठचिकित्सेत संपादक आपला तर्क चौकोनी कंसात ठेवतो, मूळ पोथीचा म्हणून खपवत नाही; हा शिस्तीचा धडा मराठीच्या विद्यार्थ्याला राजवाड्यांच्या काळापासून मिळत आला आहे. गुराबांच्या मागच्या अंगाची सजावट, तांडेलाच्या बसण्याची जागा, असे काही भाग त्यामुळे बिनरंगाचे आहेत. डोलकाठ्यांवर निशाणे नाहीत. प्रदर्शनात सर्वाधिक तक्रार आली ती याचीच. एका पालकांनी खिशातून कागदी भगवा काढून लावायची तयारी दाखवली. भगव्याला आमचा विरोध नव्हता, हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला, आणि पुरते पटले असे वाटत नाही.

तंबूंविषयी मात्र वेगळेच घडले. लोक आधी 'केंट' पाहत, मग किल्ला, मग गुराबा मोजत. फटीपाशी आले की थांबत. "हे तंबू इंग्रजांचे का?" असे दोन दिवसांत किती जणांनी विचारले त्याची गणती नाही. उत्तर द्यायला तीच विद्यार्थिनी उभी होती जिने पहिल्या दिवशी प्रश्न विचारला होता. ती सांगे, "नाही काका, पेशव्यांचे. तुळाजी तिथेच आहे." काही जण पुढे काही न विचारता निघून जात. काही परत गुराबांकडे वळत. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक सकाळी येऊन गेले होते ते संध्याकाळी पुन्हा आले आणि फटीजवळ बराच वेळ उभे राहिले.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत बदललेले नाही. देखाव्यात गुण आहेत, पण तो 'देखावा' नाही, असे ते म्हणतात. आम्हाला ही टीका निम्मी मान्य आहे. देखाव्यापुढे हात जोडावेसे वाटतात. यापुढे तसे वाटत नाही.

फळी आता विभागाच्या खोलीत कपाटाला टेकून आहे. हलवताना एका गलबताची डोलकाठी मोडली, ती अजून जोडायची आहे. गोदी राहून गेली हे सर्वांना सलते आहे. ती वेगळ्या फळीवर, १ : ५०० मध्ये, बांधणीच्या अर्धवट सांगाड्यासह करावी असे नव्या तुकडीचे म्हणणे आहे. त्यासाठी पुन्हा मेस्त्रींकडे जावे लागेल. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात आणि त्यांना थोडी सवड असते. तेव्हा सुरुवात करू.